बेळगाव भागातील परसबागेत तिखट मिरची आणि टोमॅटो : लागवड नेमकी केव्हा करावी?

प्रश्न : टिळकवाडीकर (बेळगाव)

सर्वांना नमस्कार. घरामागे सुमारे वीस फूट लांब आणि बारा फूट रुंद अशी तांबड्या मातीची मोकळी जागा आहे, शिवाय गच्चीवर काही मोठ्या कुंड्या ठेवता येतात. या जागेत घरापुरती तिखट मिरची आणि टोमॅटो घ्यावेत असा विचार आहे. गेल्या हंगामात मृगाचा पाऊस सुरू होताच दोन्हींची रोपे लावली होती. आषाढात टोमॅटोच्या खालच्या पानांवर तपकिरी डाग पडले आणि झाडे खालून वर वाळत गेली. काही झाडांनी तर पाने हिरवीगार असतानाच माना टाकल्या. मिरचीने पावसात तग धरला, परंतु दसऱ्यानंतर तिच्या शेंड्याची पाने आकसली आणि फुले गळू लागली.

मराठीत मिळणारी बहुतेक माहिती नाशिक किंवा पुणे जिल्ह्यातील शेतकऱ्यांसाठी लिहिलेली असते आणि तीत जून-जुलैची लागवड सांगितलेली असते. ती आपल्या हवामानाला कितपत लागू पडते? सीमाभागात प्रत्यक्ष लागवड करणाऱ्यांनी वेळापत्रक, वाण आणि मिरचीच्या आकसण्याचे कारण यांविषयी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर : खानापूरची परसबाग

ते वेळापत्रक आपल्याकडे जसेच्या तसे चालत नाही आणि त्याचे कारण पाऊस हेच आहे. आमच्या तालुक्यात कणकुंबीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस होतो, बेळगाव शहरात तो बाराशे-तेराशेच्या आसपास असतो आणि त्याच जिल्ह्यातील अथणीत जेमतेम पाचशे-सहाशे. त्यामुळे "बेळगाव जिल्ह्यासाठी लागवडीचा महिना" असा एकच महिना सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही. टिळकवाडी या बाबतीत अथणीपेक्षा खानापूरला जवळची आहे, असे समजून पुढचे लिहिते.

आपण वर्णन केलेले दोन त्रास वेगळे आहेत. खालच्या पानांवर गोल डाग पडतात, त्यांत एकात एक वलये दिसतात आणि पाने खालून वर वाळत जातात, तो लवकर येणारा करपा. याखेरीज उशिरा येणारा करपा म्हणून दुसरा प्रकार आहे. त्यात पानाच्या कडेपासून पाण्याने भिजल्यासारखा काळपट डाग पसरतो, पानाच्या मागे पांढुरकी बुरशी दिसते आणि चार-सहा दिवसांत झाड होत्याचे नव्हते होते. हा दुसरा करपा बटाट्यावरही येतो. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत बटाटा पावसाळ्यातच घेतला जातो, म्हणजे जुलै-ऑगस्टच्या गार, ढगाळ, ओल्या हवेत आपला टोमॅटो आणि आसपासच्या शेतांतील बटाटा हे एकाच रोगाचे यजमान एकाच वेळी उभे असतात. या बुरशीचे बीजाणू वाऱ्यावर दूरवर जातात. बटाटा निघाल्यानंतर टोमॅटो लावला की हा धोका पुष्कळ कमी होतो, आणि माझ्या मते टोमॅटो पावसानंतर लावण्याचे हेच सर्वांत मोठे कारण आहे.

पाने हिरवी असताना झाडाने मान टाकणे हे बहुधा जिवाणूजन्य मर रोगाचे लक्षण असते. खात्री करून घेणे सोपे आहे. अशा झाडाचे खोड जमिनीलगत कापून त्याचा तुकडा काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात लोंबता धरावा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरू लागला तर तो जिवाणूच होय. हा जिवाणू मातीत वर्षानुवर्षे राहतो, त्याला आपली आम्लधर्मी तांबडी माती आणि साचलेले पाणी मानवते आणि वांगे, बटाटा, मिरची, टोमॅटो या चारही पिकांवर तो जगतो. त्यावर घरगुती औषध नाही. धागा दिसला तर त्या जागी दोन-तीन वर्षे या कुळातील काहीही न लावता मका, मुळा, मेथी, घेवडा असे दुसरे काही घ्यावे आणि टोमॅटो कुंडीत, नव्या मातीत लावावा. वाण निवडताना बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक मागावा. या संकरित वाणात पर्णगुच्छ (पाने आकसून झुपका करणारा) विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना प्रतिकारशक्ती आहे. उशिरा येणाऱ्या करप्याला मात्र नाही, हे ध्यानात ठेवावे.

वेळापत्रकाविषयी माझे मत असे आहे की मिरची आधी आणि टोमॅटो नंतर लावावा. दोन्ही एकाच दिवशी लावण्याचा मोह टाळावा. मिरचीचे बी उगवायलाच आठ ते चौदा दिवस घेते आणि रोप लावणीजोगे होण्यास सहा आठवडे लागतात, म्हणून तिचा तरवा आश्लेषा-मघा नक्षत्रांत, म्हणजे ऑगस्टमध्ये, पावसाच्या आडोशाला ट्रेमध्ये टाकावा आणि उत्तरा नक्षत्र सरता सरता, सप्टेंबरच्या अखेरीस, लावणी करावी. टोमॅटोचे बी आठवड्यात उगवते आणि रोप पंचवीस-तीस दिवसांत तयार होते. त्याचे बी सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात टाकले तरी चालते आणि लावणी हस्ताचा जोर ओसरल्यावर करावी. चित्रा-स्वातीच्या परतीच्या सरी येतातच. त्या सरींच्या आधी मोरचूद आणि चुना यांच्या मिश्रणाची, म्हणजे बोर्डोची, एक फवारणी उपयोगी पडते. एक टक्क्याच्या मिश्रणासाठी लिटरला दोन्ही दहा-दहा ग्रॅम घेतात. कोवळ्या रोपांना निम्म्या ताकदीचे पुरे. मोरचूद आणि चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवावेत, मग एकत्र करावेत आणि त्यात लोखंडी पाते बुडवून पाहावे. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, आणखी घालावा.

वाफे पाऊल बुडेल इतके तरी उंच हवेत. टोमॅटोला आधारासाठी चिव्याच्या (बारीक बांबूच्या) काठ्या आमच्या बाजारात सहज मिळतात. लावणीच्या दिवशीच रोवाव्यात, कारण नंतर रोवल्यास मुळे तुटतात आणि त्या जखमांतून मर रोग शिरतो.

उत्तर : निपाणीकर

खानापूरच्या ताईंनी बटाट्याचा विषय काढला म्हणून आमच्याकडील त्याच कुळातील दुसऱ्या पिकाविषयी लिहितो. ते पीक म्हणजे तंबाखू. निपाणी-चिक्कोडी पट्ट्यातील काळ्या जमिनीत विडीची तंबाखू पिढ्यान् पिढ्या होते आणि बागेत काम करणारी माणसे ती खिशातही बाळगतात. तंबाखूवरील मोझॅक नावाचा विषाणू वाळलेल्या पानातही वर्षानुवर्षे जिवंत राहतो आणि तो हातांवाटे टोमॅटोत व मिरचीत जातो. पानांवर फिकट आणि गडद हिरवे चट्टे उठतात, टोमॅटोची पाने नेच्यासारखी अरुंद होतात, फळे लहान राहतात. म्हणून तंबाखू मळलेला हात साबणाने धुतल्याशिवाय रोपाला लावायचा नाही, हा नियम आमच्या घरी आजोबांपासून सगळ्यांना लागू आहे. बगलफूट खुडताना आणि रोपे बांधताना तर विशेष काळजी घ्यावी, कारण तेव्हा एका झाडाचा रस दुसऱ्याला लागतोच.

याच विषयातील एक सल्ला मात्र मी कोणाला देणार नाही. तंबाखूच्या भुकटीचा काढा किडींवर फवारण्याची जुनी रीत आहे आणि ती अजूनही मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. निकोटीन हे जालीम विष आहे, ते कातडीतूनही अंगात भिनते, आणि ज्या झाडाची मिरची आपण संध्याकाळी खुडून ठेच्याला वापरणार त्या झाडावर ते मारणे मला पटत नाही. शिवाय वर सांगितलेला विषाणू याच भुकटीतून बागेत येण्याची शक्यता असते.

रोपे लहान असतानाच पांढऱ्या माशीपासून राखली पाहिजेत. ही माशी टोमॅटोवर आणि मिरचीवर पर्णगुच्छाचा विषाणू आणते आणि तो विषाणू झाडात गेल्यावर कोणत्याही फवारणीने बाहेर निघत नाही. तरवा बारीक विणीच्या नायलॉन जाळीखाली वाढवावा. साधी मच्छरदाणी पुरत नाही, कारण तिच्या भोकांतून ही माशी आरामात जाते. दुकानदाराकडे चाळीस किंवा पन्नास मेशची जाळी मागावी. लावणीनंतर पिवळे चिकट सापळे झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर बांधावेत आणि झाड वाढेल तसे वर सरकवावेत.

टिळकवाडीकरांची माती तांबडी आहे, आमची काळी, त्यामुळे पाण्याविषयी माझा अनुभव त्यांना लागू होणार नाही. काळी माती पाणी धरून ठेवते, तांबडी सोडून देते, एवढेच सांगतो.

उत्तर : संकेश्वरी (हुक्केरी तालुका)

दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत. मी केवळ मिरचीविषयी लिहीन, कारण टोमॅटोवर पुरेसे बोलणे झाले आहे आणि मिरचीच्या आकसण्याला सगळेजण सरसकट "बोकड्या" किंवा "चुरडा-मुरडा" म्हणून मोकळे होतात. त्यामुळे औषध चुकते. कारणे तीन आहेत आणि ती पान हातात घेतल्यावर बऱ्याच अंशी ओळखता येतात.

पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखे झाले असेल तर ते फुलकिड्यांचे काम असते. झाडाखाली पांढरा कागद धरून शेंडा झटकला की बारीक, लांबट किडे कागदावर पळताना दिसतात. पानाच्या कडा खाली वळल्या असतील, पान अरुंद आणि राठ झाले असेल आणि त्याचा देठ नेहमीपेक्षा लांब दिसत असेल तर तो पिवळा कोळी होय. तो इतका सूक्ष्म असतो की भिंगाशिवाय दिसत नाही. पाने लहान राहून झुपका झाला असेल, शिरा जाड झाल्या असतील आणि सबंध झाडाची वाढच खुंटली असेल तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू आहे, आणि ते झाड उपटून नष्ट करणे हाच उपाय आहे. हिरव्या झाडावर जीव जडलेला असतो, म्हणून लोक ते ठेवतात आणि शेजारची चार झाडे गमावतात.

फुलकिड्यांवर निंबोळी अर्क चांगला चालतो, परंतु तो नियमाने आणि पानांच्या खालच्या बाजूने फवारला पाहिजे. पाच टक्क्यांचा अर्क म्हणजे लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम कुटलेली निंबोळी. ती रात्रभर फडक्यात भिजवून सकाळी पिळून घ्यावी, त्यात चिमूटभर साबणचुरा मिसळावा आणि ऊन उतरल्यावर फवारावे. त्याबरोबर निळे चिकट सापळे लावावेत. कोळ्यावर पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ते तीन ग्रॅम वापरतात. कडक उन्हात ते पाने भाजते, आणि निमतेल फवारल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत तर गंधकाला हात लावू नये. टिळकवाडीकरांची फुलेही गळत होती, त्यावरून मला फुलकिड्यांचा संशय अधिक वाटतो. 2021 च्या हंगामात कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तेलंगणातील मिरचीचे ज्यांनी फार मोठे नुकसान केले ते काळे फुलकिडे फुलांतच राहतात. फूल उघडून पाहिल्यास ते आत सापडतात. अशा वेळी किडकी फुले खुडून साबणाच्या पाण्यात टाकणे घरच्या बागेत शक्य असते, शेतात नसते, तेवढा फायदा आपण घ्यावा.

आता वाणांविषयी. हिरव्या मिरचीसाठी पुसा ज्वाला लावावी. ती लांब, बारीक, फिकट हिरवी आणि चांगली तिखट असते आणि कुंडीतही भरभरून येते. वाळवून तिखट करायचे असेल तर आमच्या भागाचे नाव जिच्यामुळे कोल्हापूरच्या मसाल्यात पोहोचले ती संकेश्वरी लावावी. ती लांबट, पातळ सालीची आणि झणझणीत असते. तिच्या जोडीला ब्याडगीची दोन झाडे असावीत. ब्याडगी मूळची हावेरी जिल्ह्यातील, 2011 साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. तिखटपणा कमी पण रंग गडद, त्यामुळे घरच्या तिखटात संकेश्वरीने तिखटपणा आणि ब्याडगीने रंग आणायचा अशी वाटणी आमच्याकडे असते. या दोन्ही मिरच्या झाडावर लाल होऊ द्याव्या लागतात आणि त्याला लावणीपासून तीन महिन्यांहून अधिक काळ लागतो. सप्टेंबरअखेरची लावणी असेल तर तोडणी जानेवारी-फेब्रुवारीत येते, तेव्हा हवा कोरडी असते आणि मिरची अंगणात व्यवस्थित वाळते. आमच्या कोरडवाहू शेतातली लागवड यापेक्षा आधी, पावसावरच होते. परंतु टिळकवाडीच्या पावसात ती घाई करू नये, या मताशी मी सहमत आहे.

तिखटपणा बियांत असतो हा समज जुना आहे. तो प्रत्यक्षात बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात त्यात तयार होतो आणि तिथूनच बियांना लागतो. फळे धरल्यावर पाण्याचा थोडा ताण दिला तर मिरची अधिक तिखट होते, मात्र उत्पन्न घटते. घरापुरत्या सहा-आठ झाडांना हा सौदा परवडतो.

टिळकवाडीकर

तिघांचेही मनापासून आभार. वाळत चाललेल्या एका झाडाचे खोड ताईंनी सांगितल्याप्रमाणे तपासून पाहिले होते का, असे कोणी विचारण्याआधीच सांगतो की ती झाडे केव्हाच काढून टाकली आहेत. त्यामुळे ती जागा रोगट आहे असे धरून तिथे यंदा घेवडा आणि मेथी लावीन आणि टोमॅटो गच्चीवर नेईन. त्याबाबत दोन शंका आहेत. गच्चीवर पूर्वी लावलेल्या टोमॅटोच्या फळांना बुडाशी काळा, दबलेला डाग पडत असे. त्यावर अंड्याच्या टरफलांची पूड घालावी असे सर्वत्र सांगितले जाते, ते योग्य आहे का? आणि एप्रिल-मे महिन्यांत तीच झाडे चालू ठेवता येतील का?

उत्तर : खानापूरची परसबाग

बुडाशी पडणारा काळा डाग हा रोग नसून फळाच्या टोकापर्यंत चुना, म्हणजे कॅल्शियम, न पोहोचल्याचा परिणाम आहे. ते मुळांतून पाण्याबरोबरच वर चढते. कुंडी एक दिवस कोरडीठाक आणि दुसऱ्या दिवशी चिंब अशी राहिली की मातीत पुरेसे कॅल्शियम असूनही फळाला मिळत नाही. टरफलांची पूड मातीत विरघळायला महिने लागतात, त्यामुळे लागलेल्या डागावर ती निरुपयोगी ठरते. पुढच्या हंगामासाठी घालायची तर घालावी. खरा उपाय नियमित पाणी हा आहे. कुंडी निदान पंधरा इंचांची घ्यावी, तीत एकच झाड लावावे आणि मातीवर उसाच्या पाचटाचा चार बोटे जाड थर द्यावा. गाळप हंगाम सुरू झाला की पाचट कोठेही मिळते आणि आपली लावणीही त्याच सुमारास झालेली असते. युरियासारखे नत्र जास्त दिले तरी हा डाग वाढतो. आपली माती आम्लधर्मी असल्यास चुन्याची गरज खरोखर असू शकते. ते मत्तिकोप येथील कृषी विज्ञान केंद्रात माती तपासून ठरवावे, अंदाजाने चुना टाकू नये.

उन्हाळ्यात टोमॅटो चालू ठेवण्याचा आग्रह मी धरणार नाही. दिवसाचे तापमान 35 अंशांच्या वर गेले आणि रात्रही गार झाली नाही की परागकण निकामी होतात आणि फुले गळतात. जी फळे धरतात तीही नीट लाल न होता पिवळट-केशरी राहतात, कारण लाल रंगद्रव्य कडक उष्णतेत तयार होत नाही. त्यावर उपाय म्हणजे फळावर गुलाबी छटा येताच ते तोडून घरात सावलीत पिकवणे. मार्चअखेर टोमॅटो काढून टाकावा.

उत्तर : संकेश्वरी (हुक्केरी तालुका)

मिरचीचे मात्र तसे नाही, ताई. फेब्रुवारीची तोडणी झाली की झाड गुडघ्याएवढे छाटावे, शेणखत द्यावे आणि दुपारच्या उन्हातून आडोसा करावा. वळवाच्या पावसावर ते पुन्हा फुटते आणि पावसाळा जोरात सुरू होण्याआधी हिरव्या मिरच्यांचा आणखी एक बहर देऊन जाते. विषाणू असलेले झाड मात्र असे राखू नये, कारण पांढरी माशी तिथूनच नव्या तरव्यावर जाते.

बियांविषयीही सांगून ठेवतो. ज्वाला, संकेश्वरी आणि ब्याडगी एकमेकींशेजारी असतील तर मधमाश्यांमुळे त्यांचा संकर होतो. बी धरायचे असल्यास निरोगी झाडाच्या एका फांदीवर, कळ्या उमलण्याआधी, पातळ कापडाची पिशवी बांधावी, फुले उमलली की फांदी रोज हलकेच हलवावी आणि फळे धरताच पिशवी काढून त्या फळांच्या देठांना रंगीत दोरा बांधून ठेवावा. टोमॅटोत असा संकर क्वचितच होतो, परंतु अर्का रक्षकासारख्या संकरित वाणाचे घरी धरलेले बी पुढच्या वर्षी मूळ झाडासारखे निपजत नाही. ते दर वर्षी नवेच आणावे.

उत्तर : निपाणीकर

एक दुरुस्ती सुचवतो. पिशवी मलमलीची असावी, प्लास्टिकची नको. प्लास्टिकमध्ये आत घाम धरून कळ्या कुजतात. आणि दोरा ओवताना खिशातली पुडी बाहेर काढू नये.